जॉन बन्यन आणि एल्स्टोच्या घंटा

मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘यात्रिकक्रमण’ हे नाव ज्याने ऐकले नाही असा मनुष्य विरळा. हरी केशवजी ह्यांनी हा ग्रंथ १८४१ साली मराठीत आणला, आणि तेव्हापासून कित्येक घरांत पवित्र शास्त्राच्या शेजारी त्यास जागा मिळत आली आहे. पाठीवर ओझे घेऊन निघालेला यात्रेकरू, निराशेचा चिखल, अरुंद दरवाजा, संशयाचा किल्ला, ही सर्व आमच्या वाचकांच्या ओळखीची आहेत. परंतु ज्याच्या लेखणीतून ती उतरली तो जॉन बन्यन तरुणपणी कशात रमत असे हे थोड्यांसच ठाऊक असेल. आपल्या गावच्या देवालयाच्या मनोऱ्यात जाऊन घंटा वाजविणे हा त्याच्या आवडीचा विषय होता. ही आवड त्याने सोडली, व सोडताना त्याचा जीव फार कासावीस झाला. ज्या मंडळ्यांत पूर्वीच्या आवडींपैकी काय ठेवावे व काय टाकावे हा प्रश्न अजून दर वर्षी उठतो, त्यांस ही हकीकत परकी वाटणार नाही असे समजून आम्ही बन्यनचे चरित्र आज ह्याच बाजूने सांगत आहो.

इंग्लंड देशात बेडफर्ड शहराच्या दक्षिणेस जवळच एल्स्टो नावाचे खेडे आहे. तेथे १६२८ साली बन्यनचा जन्म झाला, आणि त्याच सालच्या ३० नोव्हेंबर रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याचा बाप थॉमस हा भांड्यांस डाग देणारा कारागीर होता. फुटकी पातेली व किटल्या जोडीत गावोगाव फिरावे आणि मिळेल त्यावर घर चालवावे, असा तो धंदा. अशा फिरत्या कारागिरास त्या देशातही प्रतिष्ठित लोक आपल्या पंक्तीस घेत नसत, हे आमच्या वाचकांस निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. मुलास थोडेसे लिहिणे-वाचणे शिकविले गेले, पण तेही पुढे तो बहुतेक विसरला. मग बापाबरोबर हातोडा व ऐरण हाच त्याचा अभ्यास झाला. शिव्या घालण्यात, शपथा वाहण्यात आणि खोटे बोलण्यात आपली बरोबरी करणारे थोडेच होते असे त्याने स्वतःविषयी पुढे लिहून ठेवले आहे. अशा लोकांची स्वतःवरील फिर्याद थोडी हात राखून वाचावी असे आमचे मत आहे. तथापि गावातील टवाळ पोरांचा तो पुढारी होता ह्यात संशय दिसत नाही.

१६४४ साल त्यास फार जड गेले. जून महिन्यात आई वारली, जुलैत बहीण वारली, आणि ऑगस्टात बापाने नवी बायको घरात आणली. त्याच वर्षी, सोळा वर्षांचा होतो तोच, त्यास पार्लमेंटच्या फौजेत जावे लागले. तेव्हा राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट ह्यांच्यात युद्ध जुंपले होते. न्यूपोर्ट पॅग्नेल येथील ठाण्यात त्याची नेमणूक झाली व १६४७ पर्यंत तो चाकरीत होता. एकदा एका वेढ्यावर जाण्याची त्याची पाळी आली असता दुसरा एक शिपाई मी जातो म्हणून त्याच्या जागी गेला, आणि पहाऱ्यावर उभा असताना डोक्यात गोळी लागून मेला. ही गोष्ट बन्यन जन्मभर विसरला नाही. पुढे मनोऱ्यात जे घडले ते समजण्यास वाचकांनीही ती ध्यानात ठेवावी.

फौजेतून परत आल्यावर, एकवीस वर्षांच्या सुमारास, त्याने लग्न केले. ह्या पहिल्या बायकोचे नाव कोठेही लिहिलेले सापडत नाही. दोघांच्या घरात एक ताट किंवा एक चमचाही नव्हता. माहेराहून तिने आणली ती दोन धार्मिक पुस्तके, एक आर्थर डेंट ह्याचे व दुसरे लुईस बेली ह्याचे. आपला बाप किती धर्मशील होता हे ती नवऱ्यास पुनःपुन्हा सांगे, आणि दोघे मिळून ती पुस्तके वाचीत. १६५० साली त्यांस मुलगी झाली. तिचे नाव मेरी. ती जन्मांध होती.

आता घंटांविषयी सांगितले पाहिजे. इंग्लंडातील घंटावादन आमच्याकडील घंटा वाजविण्यासारखे नव्हे. आमच्याकडे घंटा एका जागी टांगलेली असते, आणि दोरीने तिचा लोलक हलवून ठोका देतात. पुष्कळ खेड्यांत तर घंटाच नसते. लिंबाच्या झाडास रेल्वेच्या रुळाचा तुकडा बांधून त्यावर हातोडी मारली की लोक उपासनेस जमतात. इंग्लंडात प्रत्येक घंटा मोठ्या लाकडी चाकास जखडलेली असते व चाकाच्या कडेवरून दोर खाली येतो. वाजविणारा दोर ओढून तिला झोके देत देत इतकी वर नेतो की तिचे तोंड आकाशाकडे होते. मग एकेका ओढीस घंटा पूर्ण फेरा घेते व एकदाच बोलते. घंटा कित्येक मणांची असली तरी हे काम बळाचे नव्हे. वेळ साधण्याचे आहे. ज्याची वेळ चुकली त्यास दोर हातातून हिसकावून घेऊन जातो, आणि ज्याने मूर्खपणाने तो सोडला नाही त्यास दोर आपल्याबरोबर वर उचलतो. मनोऱ्यात इजा झालेल्यांच्या गोष्टी त्या देशात पुष्कळ आहेत.

एका माणसाकडे एकच घंटा असते, म्हणून पाच घंटांस पाच जण लागतात. ते एका खोलीत वर्तुळाने उभे राहतात आणि एकमेकांच्या हातांकडे लक्ष ठेवितात. जड घंटा वाटेल तेव्हा थांबविता येत नाही, किंचित लवकर किंवा किंचित उशिरा इतकेच वाजविणाऱ्याच्या स्वाधीन असते. त्यामुळे तिच्यावर गाण्याची चाल वाजविता येत नाही. ह्या अडचणीतूनच त्या लोकांनी आपली विद्या काढिली. आधी मोठ्या आवाजाच्या घंटेपर्यंत क्रमाने उतरत यावयाचे, मग शेजारशेजारच्या घंटांनी आपसांत जागा बदलावयाच्या, पुन्हा बदलावयाच्या, आणि एकदा वाजलेला क्रम फिरून येऊ न देता मूळ जागी परत यावयाचे. तीन घंटांचे ६ क्रम होतात, पाचांचे १२०, सहांचे ७२० आणि सातांचे ५,०४०. एवढे वाजविण्यास सुमारे तीन तास लागतात. आठ घंटांचे ४०,३२० क्रम होतात. १९६३ साली लफबरो गावी आठ जणांनी ते सर्व न थांबता व एकही माणूस न बदलता वाजविले, त्यास अठरा तासांस थोडा कमी वेळ लागला. आपल्या लोकांस हे वेड वाटेल, परंतु रात्रभर भजनास बसणाऱ्यांनी त्यास हसू नये.

ही विद्या बन्यनच्या काळातच रूपास येत होती. लंडनातील घंटा वाजविणाऱ्या तरुणांचे एक मंडळ १६३७ साली स्थापन झाले, आणि ह्या विषयावरचे पहिले पुस्तक १६६८ साली छापून निघाले. खेड्यात मात्र ही चार घरांची करमणूक होती. लोहार, सुतार, शेतावरचा गडी, भांडी जोडणारा, असे लोक संध्याकाळी मनोऱ्यात जमत. ज्यांस कोणत्याही सभेत बसावयास जागा नव्हती त्यांस दोराजवळ हक्काची जागा होती. आणि एकाने चूक केली तर पाचांचे वाजविणे बिघडे, त्यामुळे तेथे गरीब-श्रीमंत असा भेद फारसा चालत नसे. ह्याची दुसरी बाजूही होती. मनोऱ्यात मद्याचा घडा फिरे. वाजविणाऱ्यांचे असे मोठाले घडे काही ठिकाणी अजून जपून ठेविलेले आहेत. घंटा वाजवून लोकांस उपासनेस बोलवावे आणि आपण मात्र मागल्या दाराने निघून जावे, अशीही पुष्कळांची रीत होती. म्हणून कडक मताच्या लोकांस हा खेळ खपत नसे. १६४४ साली पार्लमेंटाने प्रभुवाराविषयी जो हुकूम काढिला त्यात मौजेखातर घंटा वाजविण्याची मनाई केलेली होती.

एल्स्टोच्या देवालयाचा मनोरा देवालयास लागून नाही. काही पावलांवर तो एकटा उभा आहे. पुण्यात पंचहौद मिशनचे पवित्र नामाचे देवालय ज्यांनी पाहिले आहे त्यांस ह्याची कल्पना येईल, कारण तेथेही उंच मनोरा वेगळा असून त्यात इंग्लंडच्या रीतीच्या ८ घंटा आहेत. एल्स्टोच्या ह्या मनोऱ्यात तरुण बन्यन नेमाने जाई. तेथील चौथी घंटा तो वाजवीत असे, असे गावचे लोक परंपरेने सांगतात.

बायकोच्या संगतीने तो देवालयात जाऊ लागला होता. एका प्रभुवारी उपाध्यायाने विश्रामदिवस मोडण्याविरुद्ध उपदेश केला. बन्यनच्या मनास तो लागला, पण घरी जाऊन जेवल्यावर पुसला गेला, आणि दुपारी तो गावच्या मैदानात आपल्या विटीदांडूसारखाच एक खेळ खेळावयास गेला. विटीस एक टोला मारून दुसरा मारणार इतक्यात त्याच्या अंतःकरणात असा प्रश्न उठला की, पाप सोडून स्वर्गास जाणार की पाप धरून नरकात जाणार? तो दांडू टाकून आकाशाकडे पाहत राहिला. सोबत्यांस त्याने काही सांगितले नाही. आता आपणास क्षमा होणे नाही, मग खेळून तरी घ्यावे, असा उलटा विचार करून तो पुन्हा खेळू लागला. मनुष्याचे मन किती वाकडे चालते ते पाहा.

पुढे एका बाईने, जी स्वतः काही सद्वर्तनी नव्हती, त्याच्या शिव्या ऐकून त्याची भर रस्त्यात अशी खरडपट्टी काढिली की तो लाजून गेला आणि त्या दिवसापासून त्याने शिव्या सोडिल्या. मग एकामागून एक सवयी सुटू लागल्या. शेजारी थक्क झाले. अशा वेळी घंटांची पाळी आली.

घंटा वाजविणे हे व्यर्थ काम आहे असे त्याच्या मनाने घेतले. कोणी त्यास बोलले नव्हते. त्याचे मनच त्यास टोचू लागले. त्याने दोर सोडिला. पण आवड सुटेना. सोबती मनोऱ्यात जमले की हाही तेथे जाई, दोरास हात न लावता उभा राहून नुसते पाही व ऐके. आमच्यापैकी ज्यांनी कधी एखादी फार दिवसांची आवड सोडिली आहे, त्यांस हे उभे राहणे नीट समजेल. अखेर एके दिवशी त्याच्या मनात आले की, वरची घंटा निसटून आपल्या डोक्यावर पडली तर? मनोऱ्यातून एक मोठी तुळई आडवी गेलेली होती, तिच्या खाली तो जाऊन उभा राहिला. येथे घंटा पडली तरी लागणार नाही असे त्यास वाटले. थोड्या वेळाने मनात आले की, घंटा झोक्यात असता सुटली व भिंतीवर आपटून उलट आली, तर तुळईखालीही आपला प्राण जाईल. तेव्हा तो दारात उभा राहू लागला. घंटा पडलीच तर जाड भिंतीआड सरकता येईल. असेही काही दिवस गेले. मग एके दिवशी असे मनात आले की, हा मनोराच कोसळला तर? हा विचार त्यास इतका हलवून गेला की दारातही त्याच्याने उभे राहवेना. मनोरा अंगावर येतो की काय ह्या भीतीने तो तेथून पळाला.

तो मनोरा आजही उभा आहे.

कित्येक अलीकडील लेखक बन्यनच्या ह्या भीतीस मनाचा रोग म्हणतात. असेलही. परंतु आईची व बहिणीची माती ज्याने एका महिन्याच्या अंतराने पाहिली, आणि ज्याच्या जागी उभा असलेला सोबती एका गोळीने पडला, त्यास मरण वरून केव्हाही येऊ शकते असे वाटावे ह्यात आम्हांस मोठे नवल दिसत नाही. नवल आहे ते दुसरेच. घंटेस दोष होता काय? धातू तो धातू. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या देवळांतील घंटा मराठे देशावर घेऊन आले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीस आणि भीमाशंकरास त्या टांगल्या गेल्या. घंटेने कोणाकडे वाजावे हे माणूस ठरवितो. बन्यनलाही हे कळत नव्हते असे नाही. मैदानातील खेळ, नाच व घंटा ही तिन्ही त्याने एका गाठोड्यात बांधिली आणि ते गाठोडे टाकिले म्हणजे देव आपणावर प्रसन्न होईल असा हिशेब केला. चूक ह्या हिशेबात होती, आणि त्याचे त्यानेच पुढे तसे सांगितले आहे. नाच सोडावयास त्यास आणखी एक वर्ष लागले. त्यानंतर मात्र आपल्याइतका देवास संतुष्ट करणारा मनुष्य इंग्लंडात नाही असे त्यास वाटू लागले. आणि शेजाऱ्यांची स्तुती ऐकून तो फुलून जाई.

हे फुगलेपण उतरविले ते बेडफर्ड येथील तीन-चार गरीब बायकांनी. बन्यन धंद्यासाठी त्या शहरात गेला असता त्या एका दाराशी उन्हात बसून बोलत होत्या. तो स्वतः धर्माच्या गोष्टी पुष्कळ बोलणारा. म्हणून ऐकण्यास जवळ गेला. त्या आपल्या सोडलेल्या सवयींची यादी सांगत नव्हत्या. आपल्या अंतःकरणाची दुर्दशा आणि ख्रिस्ताने त्यांस कसे शांत केले हे त्या अशा आनंदाने बोलत होत्या की, आपण ह्या देशाचे नव्हेतच असे बन्यनास वाटले. तो पुनःपुन्हा त्या बाजूस जाऊ लागला. त्या बायका ज्या लहान मंडळीच्या होत्या तिचा पाळक जॉन गिफर्ड हा पूर्वी राजाच्या फौजेतील अंमलदार व मोठा व्यसनी मनुष्य होता. त्याच्यापाशी बन्यनने आपले मन उघडे केले. त्यानंतरही त्याची वर्षे फार वाईट गेली. एकेका वचनाने आशा वाटावी व दुसऱ्याने ती बुडावी, असे चालले. त्याचे सविस्तर वर्णन १६६६ साली छापलेल्या त्याच्या आत्मचरित्रात आहे. ज्यांस संशयाने छळिले आहे त्यांनी ते वाचावे. १६५३ च्या सुमारास तो मंडळीत सामील झाला, आणि दोन-तीन वर्षांत तो उपदेश करू लागला. भांडी जोडणारा उपदेश करतो हे ऐकून लोक प्रथम हसावयास येत व मग ऐकत राहत. विद्यापीठातील पंडितांस ह्याचा राग आला. आमच्या कॅटेकिस्ट बंधूंपैकी ज्यांस पदवी नाही म्हणून कोठे तरी टोमणे ऐकावे लागले असतील, त्यांस येथे सोबती मिळेल.

१६५८ साली त्याची बायको चार मुले मागे ठेवून वारली, आणि पुढच्या वर्षी त्याने एलिझाबेथ नावाच्या तरुण स्त्रीशी लग्न केले. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला व सरकारी मंडळीबाहेर सभा भरविणाऱ्यांवर जुने कायदे पुन्हा लागू होऊ लागले. १२ नोव्हेंबर १६६० रोजी लोअर सॅम्सेल नावाच्या खेड्यात बन्यन उपदेश करणार होता. पकडण्यास माणसे येणार ही खबर त्यास आधीच लागली होती, आणि निघून जाण्यास वेळही होता. तो गेला नाही. आपण पळालो तर नव्याने विश्वास ठेवणारे काय म्हणतील, असा त्याने विचार केला, आणि शास्त्र उघडून बसलेल्या स्थितीत तो धरला गेला. घंटा न पडताच जो मनोऱ्यातून पळाला होता तो हाच मनुष्य.

बेडफर्डच्या तुरुंगात त्याने बारा वर्षे काढिली. उपदेश करणार नाही एवढे कबूल केल्यास त्याच दिवशी सुटका होती. एलिझाबेथ पोटुशी होती. धक्क्याने तिला दिवस भरण्यापूर्वी प्रसूती झाली व मूल वाचले नाही. ती लंडनास गेली, १६६१ च्या ऑगस्टात न्यायाधीशांसमोर उभी राहिली, सर मॅथ्यू हेल ह्याच्या पायाशी तिने आपल्या मुलांची स्थिती मांडिली. हेल कळवळला, परंतु दुसरे न्यायाधीश कठोर राहिले व ती रिकाम्या हाताने परतली. सवतीच्या चार मुलांसाठी, त्यांत एक आंधळी, तिने जे केले त्याची आमच्या मंडळ्यांत पुरेशी आठवण होत नाही.

मुलांपासून दूर होणे बन्यनला हाडापासून मांस उपटल्यासारखे वाटे, आणि त्यांतही आंधळ्या मेरीची आठवण सर्वांहून जड. तुरुंगात तो नाड्यांच्या टोकांस धातूच्या पट्ट्या बसवून त्या विके व घरास हातभार लावी. पहिल्या दिवसांत, कायद्याची नीट माहिती नसल्यामुळे, आपणास फाशी होईल असे त्यास वाटत होते. पुन्हा ती जुनी भीती उठली, पण आता तिचे रूप निराळे होते. मरण्याचे त्यास इतके दुःख नव्हते. शिडीवर चढताना पाय लटपटले व चेहरा फिका पडला तर शत्रू ख्रिस्ताच्या नावाची निंदा करतील, ह्याची त्यास लाज वाटे. मनात देवाकडून काहीच दिलासा नव्हता. कित्येक आठवडे तो ह्या विचारात दोर गळ्यात घालून उभा राहिल्यासारखा होता. शेवटी त्याने असे ठरविले की, देव आता दिलासा देवो अथवा न देवो, पुढे स्वर्ग मिळो अथवा नरक, मी ह्या शिडीवरून डोळे मिटून त्याच्यासाठी उडी टाकीन. तुळईखाली, मग दारात, मग भिंतीआड, अशी सुरक्षित जागा शोधीत फिरणारे मन येथे थांबले. बन्यनच्या चरित्रातील सर्वांत मोठा क्षण आम्ही हाच मानतो. मैदानातील तो दुपारचा प्रश्न नव्हे, आणि घंटेचा दोर सोडिला तोही नव्हे.

१६७२ साली त्यास सोडण्यात आले व त्याच वर्षी बेडफर्डच्या मंडळीने त्यास आपला पाळक नेमिले. पुढे थोड्या महिन्यांसाठी तो पुन्हा तुरुंगात पडला. ‘यात्रिकक्रमण’ १६७८ साली लंडनात छापले गेले, आणि यात्रेकरूच्या बायकोमुलांच्या प्रवासाचा दुसरा भाग १६८४ साली निघाला.

आता वाचकांनी आपल्या घरातील ती पोथी काढून एक गोष्ट स्वतः पाहावी. पहिल्या भागाच्या शेवटी दोघे यात्रेकरू डोंगर चढून त्या नगराजवळ येतात तेव्हा, त्यांच्या स्वागतास नगरातील सर्व घंटा वाजत आहेत असे त्यांस ऐकू येते. आणि वेशीतून आत जाताच त्या घंटा हर्षाने पुन्हा वाजतात. दुसऱ्या भागात नदीच्या अलीकडील रम्य देशात यात्रेकरू विसाव्यास थांबतात. तेथे घंटांचा व कर्ण्यांचा नाद इतका चाललेला असतो की त्यांस झोप येत नाही, आणि तरी झोपून उठल्याप्रमाणे ते ताजे होतात. स्वर्गाच्या वेशीवर दुसरे कोणतेही वाद्य त्यास ठेविता आले असते. शास्त्रातील स्वर्गाच्या वर्णनात वीणा आहेत, कर्णे आहेत. घंटा तेथे नाहीत. त्या एल्स्टोहून आलेल्या आहेत. त्याच दुसऱ्या भागात संशयाचा किल्ला पाडल्यावर यात्रेकरूची बायको ख्रिस्तीण सारंगीसारखे वाद्य हाती घेते, तिची सोबतीण दुसरे वाद्य वाजविते, आणि कुबड्यांवर चालणारा एक लंगडा यात्रेकरू त्या किल्ल्यातून सुटलेल्या मुलीचा हात धरून रस्त्यात नाचतो. जो नाच सोडावयास बन्यनला एक वर्ष लागले तो त्याने पन्नाशी उलटल्यावर एका लंगड्यास दिला.

त्यास वाद्यांचे वावडे कधीच नव्हते. त्याच्या नावाचे एक धातूचे व्हायोलिन जपून ठेविलेले आहे, आणि तुरुंगात स्टुलाच्या पायाची त्याने बासरी केली अशी गोष्ट सांगतात. आमच्या खेड्यांत हलगी, ढोलकी व लेझीम ह्यांविषयी जे वाद होतात त्यांत दोन्ही बाजूंचे लोक बन्यनास साक्षीस बोलावू शकतील. ज्याच्या हाती ढोलकी आली की पाय तमाशाकडे वळतात, त्याने ती काही वर्षे खुंटीवर ठेवावी. त्यास कोणी भेकड म्हणू नये. परंतु ज्याने ती कधी हाती धरिली नाही त्याने दुसऱ्याच्या हातातील हिसकावू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी अभंग, भजन व कीर्तन मंडळीत आणिले तेव्हा त्यांसही पुष्कळ ऐकून घ्यावे लागले होते, आणि आज ती भजने नाहीत अशी मराठी मंडळी सापडणे कठीण.

बन्यनच्या शेवटच्या वर्षांविषयी फार सांगावयाचे नाही. तो लंडनास उपदेशासाठी जाई तेव्हा हजारो लोक जमत. मोठ्या जागा त्यास देऊ केल्या होत्या, पण त्याने बेडफर्ड सोडिले नाही. १६८८ च्या ऑगस्टात रीडिंग शहरातील एक बाप आपल्या मुलावर रागावून त्यास वारसा नाकारीत होता. त्या मुलाने विनविल्यावरून बन्यन घोड्यावर बसून तेथे गेला व बापाचा राग घालविला. तेथून लंडनास येताना तो जोराच्या पावसात सापडला, भिजलेल्या अंगाने स्नो हिल येथील एका वाण्याच्या घरी उतरला, आणि त्यास ताप भरला. तरीही १९ ऑगस्टास त्याने उपदेश केला. ३१ ऑगस्ट १६८८ रोजी त्याच घरी तो वारला. त्याचे वय एकोणसाठ वर्षांचे होते.

सरकारी मंडळीबाहेरच्या लोकांस पुरण्याची लंडनात बनहिल फील्ड्स नावाची जागा होती, तेथे त्यास पुरले. १८६२ साली त्या कबरीचा जीर्णोद्धार झाला. तीवर निजलेल्या बन्यनची दगडी आकृती आहे; खाली एका बाजूस ओझ्याखाली वाकलेला यात्रेकरू कोरिला आहे, आणि दुसऱ्या बाजूस क्रुसापाशी त्याचे ओझे पडत आहे.